न बोलता आणलेलं पाणी

भुताखेतांवर, दृष्ट लागण्यावर आणि वर्तमानपत्रातल्या हवामानाच्या अंदाजावर माझा विश्वास नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. मी गाव्रिला तिवादार, मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सिगेत या आमच्या डोंगरातल्या गावातली अर्धी कुंपणं माझ्या हातची आहेत. उरलेल्या अर्ध्यांवरून लोक कोर्टात गेले ते माझ्या मोजणीमुळेच, असं माझी बायको नस्तासिया म्हणते. पण ती काय काय म्हणते ते लिहीत बसलो तर गोष्ट राहील बाजूलाच. तर असा हा शिकलासवरलेला माणूस एका सकाळी पाण्याचा कॅन कवटाळून, तोंडाला कुलूप लावून इस्पितळाच्या बाकावर कसा बसला, आणि शेजारी त्याची बायकोही तशीच कशी बसली, याची ही हकीकत. गावात तिच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत. एकीत मी मेलो आहे.

सुरुवात आमच्या रोदिकापासून झाली. एकुलती एक मुलगी, डोंगरापलीकडच्या बाया मारे शहरात शाळेत गणित शिकवते. चौतिशी ओलांडली तरी लग्नाचं नाव नाही. ईस्टरला एकटी यायची, नाताळला एकटी यायची, आणि सूप संपायच्या आत परतीच्या गाडीची वेळ बघायची. नस्तासियाने रविवारच्या फोनवर विचारलं, ‘‘कोणी आहे का गं मनात?’’ की ही म्हणायची, ‘‘आई, ठेवते हं, दार वाजलं.’’ दर रविवारी त्याच वाक्यानंतर तिचं दार कोण वाजवतं, हे मला कधी कळलं नाही.

फोन ठेवला की नस्तासिया भांडी घासायला जायची आणि नळ मोठा सोडायची. नळाच्या आवाजाखाली ती रडते हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. मी वर्तमानपत्र वाचायचो. खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायची. आम्ही दोघं गेल्यावर पोरीला ताप आला तर उशाशी कोण बसणार, हा विचार आला की हवामानाच्या अंदाजातली अक्षरं दिसेनाशी व्हायची.

एका संध्याकाळी नस्तासियाने नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, ‘‘मात्रागुना आणायची.’’

मात्रागुना म्हणजे आमच्या डोंगरातलं एक झाड. काळीभोर चकचकीत फळं, मुळापासून शेंड्यापर्यंत जहर. आणि याच जहराच्या जोरावर आमच्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या पोरींची लग्नं जमवत आल्या आहेत. तोंडात मात्र काही घालायचं नाही. एखादं पान तुळशीबरोबर पाण्यात उकळायचं आणि मुलीने त्या पाण्याने तोंड धुवायचं, बस्स. अडचण आहे ती झाड आणण्याची. ते दोघांनी मिळून आणावं लागतं, आणि त्या दोघांच्या मनात एकमेकांविषयी तीळभरही राग नसावा लागतो. घरातून पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंत वाकडा शब्द निघता कामा नये. प्रेमाने उपटलं तर झाड प्रेम आणतं. भांडत भांडत आणलं तर तेच भांडण घरात घेऊन येतं आणि तिथंच मूळ धरतं.

‘‘मग तू आणि तुझी बहीण जा की,’’ मी म्हणालो.

‘‘तिच्याशी मी बोलते का?’’

‘‘तुझी ती मैत्रीण?’’

‘‘तिला जिनासुद्धा उतरता येत नाही. तूच चल.’’

‘‘आपण दोघं? न भांडता? जंगलापर्यंत?’’

‘‘आणि परतसुद्धा,’’ नस्तासिया म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच चेहरा जरा पडला.

आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट तिसऱ्या मजल्यावरच्या पिरोश्काबाईंना कळल्याशिवाय घडत नाही. या हंगेरियन बाई. नवरा गेल्यापासून इमारतीतल्या सगळ्यांचं भलं करणं हा एकच उद्योग त्यांच्यामागे राहिला आहे. त्या सल्ला घेऊन हजर झाल्या. ‘‘झाडाभोवती नाचायचं, हे माहीत आहे ना? आमच्या आजोळी तर बायका अंगावर चिंधी न ठेवता नाचायच्या.’’

नस्तासियाने मला आपादमस्तक न्याहाळलं. ‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘झाड वाळून जाईल.’’

घरातून अजून पाऊल पडलं नव्हतं, त्यामुळे हे चालून गेलं.

त्या प्रवासाबद्दल काय सांगू! मी ज्या खोऱ्याची उभ्या आयुष्यात इंच न्‌ इंच मोजणी केली, त्याच खोऱ्यात माझी बायको नकाशा उलटा धरून मला रस्ता दाखवत होती.

‘‘माझ्या राजा, इथून उजवीकडे घे.’’

‘‘राणी, उजवीकडे नदी आहे.’’

‘‘मग नदीत नको घालूस, सोन्या. तुझं तू बघ.’’

दात इतके आवळून बोलत होतो दोघं, की जबडे दुखायला लागले. जंगलाच्या तोंडाशी गाडीचं चाक पंक्चर झालं. मागचं झाकण उघडलं, तर जादा चाकाच्या जागी कोबी खारवायचं पिंप. चाक घरी बाल्कनीत! एरवी या मुद्द्यावर आम्ही दुपारपर्यंत आरामात भांडलो असतो. मी झाकण अलगद लावलं आणि म्हणालो, ‘‘कोबीची किती काळजी गं तुला.’’ नस्तासियाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की हसण्याचं, ते तिलाच माहीत.

तेवढ्यात वनरक्षक आला. काठी, कुत्रा आणि भरघोस मिशा. मात्रागुना न्यायला वनकचेरीची परवानगी लागते, म्हणाला. परवानगीच्या अर्जासोबत झाडाचा नमुना जोडावा लागतो. आणि नमुना तोडायला? परवानगी लागते. एरवी असं काही ऐकलं की माझी कानशिलं तापतात. मी सरकारी नोकरीत होतो, तेव्हा असले नियम मी स्वतः केलेले आहेत आणि ते किती मूर्खपणाचे असतात हे मला आतून माहीत आहे. पण वाकडा शब्द बंद! मी म्हणालो, ‘‘वा! किती विचार करून केलेला नियम आहे!’’

नोकरीला लागल्यापासून त्या माणसाने नियमाची स्तुती ऐकली नसावी. काठी त्याने झाडाला टेकवून ठेवली. आमच्याकडची होरिंका, म्हणजे आलुबुखाऱ्याची घरची दारू, त्याने एक पेला घेतली, मग रीत म्हणून आणखी एक, आणि स्वतः वाट दाखवत आम्हाला झाडापाशी घेऊन गेला.

नस्तासियाने फडकं अंथरलं. भाकरी, मीठ, एक नाणं ठेवलं. झाडापुढे वाकून म्हणाली, ‘‘मात्रागुना बाई, मोठ्या घरची तू, आम्ही गरजवंत. रागाने नाही आलो, लोभाने आलो. आमच्या लेकीच्या घरी ये.’’ मग रीतीप्रमाणे झाडासमोर एकमेकांना मिठी मारायची होती. परक्या माणसाच्या देखत! मी घसा खाकरला. वनरक्षकाने सभ्यपणे पाठ फिरवली, कुत्र्याने मात्र बघायचं सोडलं नाही. मिठी मारली. नस्तासियाच्या केसांना होरिंकेचा आणि पावट्याच्या सुपाचा वास येत होता. किती वर्षांनी तो वास इतक्या जवळून घेतला, याचा हिशेब मी केला नाही. मग आम्ही तिघंही झाडाभोवती नाचलो. वनरक्षक सगळ्यात बरा नाचला, आणि पंक्चरही त्यानेच काढून दिलं.

झाड कुंडीत लागलं, बाल्कनीत आलं, आणि खरी परीक्षा तिथून सुरू झाली. मात्रागुनासमोर भांडलेलं चालत नाही. आमचं घर दोन खोल्यांचं. बाल्कनीतल्या झाडाला न ऐकू येणारी जागाच त्यात नाही. सूप खारट झालं तर मी म्हणायचो, ‘‘समुद्राची आठवण झाली गं.’’ मी मोजे टेबलावर टाकले तर ती म्हणायची, ‘‘किती सुबक ठेवलेस रे.’’ त्या रविवारी फोनवर रोदिकाने हे मागून ऐकलं.

‘‘बाबा, तुम्ही आईला आत्ता ‘राणी’ म्हणालात?’’

‘‘हो. का?’’

‘‘कोण आजारी आहे? खरं सांगा. रिपोर्ट आलेत का काही?’’

पोर ईस्टरला येणार होती. त्याआधी पाणी तयार हवं होतं. आणि हे पाणी कुठलंही चालत नाही. ते पहाटे, त्या दिवशी दुसऱ्या कोणीही झऱ्याला हात लावायच्या आत भरायचं. घरी आणेपर्यंत मागे वळून बघायचं नाही आणि कोणाशीही अक्षर बोलायचं नाही. बोललात की पाणी बाटलं. मी सुचवलं की आपल्या नळाचंच पहाटेचं पहिलं पाणी घेऊ. पण टाकी सगळ्या इमारतीची एकच, आणि पिरोश्काबाई पहाटे चारला उठून संडासाची साखळी ओढतात, हे आम्हाला भिंतीतून रोज ऐकू येतं. तेव्हा सोलोवान टेकडीखालच्या झऱ्यावर मी जायचं ठरलं. नस्तासियाने तोवर नव्या पातेल्यात तुळस आणि पान मंद आचेवर कोरडंच गरम करत राहायचं. पातेलं चढवल्यापासून त्यात पाणी पडेपर्यंत तिनेही बोलायचं नाही, ही तिच्या आईकडची रीत.

एवढं सगळं ठरवलं. फक्त एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. सिगेतमध्ये मला कोणी कधी गप्प पाहिलेलं नाही.

झरा गाठला, कॅन भरला, परत फिरलो. कॅन मोठा, त्यामुळे मी जरा एका बाजूला कलून चाललो होतो. पुलाजवळ आमच्या इमारतीचे व्यवस्थापक दुंका भेटले. या दुंकांशी मी जिन्यातल्या दिव्यावरून वर्षानुवर्षं वाद घालतो आहे.

‘‘काय तिवादारसाहेब, आज लवकर? बरं, तो जिन्यातला दिवा मी काढून टाकतोय हं.’’

मी गप्प.

‘‘काढून टाकतोय म्हणालो! सगळ्या मजल्यांवरचे!’’

मी मान हलवली आणि पुढे निघालो. दुंकांचा रंग उडाला. ते मागून धावत आले, माझ्या तोंडाकडे, मग कललेल्या खांद्याकडे बघितलं, आणि फोनवर ओरडले, ‘‘ॲम्ब्युलन्स पाठवा! शब्द फुटत नाहीये त्यांना! दिव्याबद्दलसुद्धा काही बोलत नाहीयेत!’’

मी कॅनकडे बोट दाखवलं, घराकडे दाखवलं, ओठांवर बोट ठेवलं. हे हातवारे माझ्या मते अगदी स्पष्ट होते. दुंकांनी मला दगडावर बसवलं आणि टोपीने वारा घालायला सुरुवात केली. लिहून द्यावं, असं मनात आलं. पण लिहिलेलं हे बोललेलंच धरतात की काय, हे मी नस्तासियाला विचारलं नव्हतं. मोजणी खात्यात तर लिहिलेलंच खरं आणि बोललेलं काहीच नाही. धोका पत्करला नाही.

इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसणारी बाई मला ओळखत होती. तिच्या सासऱ्याची सफरचंदांची बाग मीच मोजून दिली होती. ती म्हणाली, ‘‘नाव?’’

मी तिच्याकडे बघितलं.

‘‘तिवादारसाहेब, मला माहीत आहे हो तुमचं नाव. पण पेशंट शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः सांगायचं, असा नियम आहे.’’

असा नियम मीसुद्धा केला नसता.

डॉक्टर म्हणजे कोवळं पोरगं. म्हणाला, दोन्ही हात वर करा. एका हाताने मी कॅन धरला होता. जमिनीवर ठेवलेला चालतो की नाही, कोणास ठाऊक. उजवा हात वर केला. ‘‘डावा उचलत नाही,’’ त्याने नर्सला सांगितलं. मी कॅन उजव्या हातात घेऊन डावा वर केला. ‘‘आता उजवा गेला,’’ तो म्हणाला, आणि स्वतःच खुर्चीवर बसला.

इकडे दुंकांनी पिरोश्काबाईंना कळवलं होतं. त्या आमच्या स्वयंपाकघरात घुसल्या. ‘‘नस्तासियाबाई, धीर धरा, गाव्रिलांना झटका आलाय! वाचा गेली त्यांची!’’ नस्तासियाला वाटलं, म्हणजे मी नियम पाळतोय. तिने समाधानाने मान डोलावली आणि पातेलं ढवळत राहिली. पिरोश्काबाईंनी छातीला हात लावला. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांनी ठरवलं, गॅस बंद केला, आणि तिला आहे तशी, लाकडी डावासकट, टॅक्सीत घालून इस्पितळात आणली. वाटेत रोदिकाला फोन केला: ‘‘बाळ, घाबरू नकोस. बाबा बोलत नाहीत. आणि आता आईही बोलत नाही.’’

आम्हाला एका बाकावर शेजारी शेजारी बसवलं. मी कॅन धरून, ती डाव धरून. तिने कॅनच्या झाकणाकडे बघितलं. मी भुवई उंचावली, म्हणजे भरलेला आहे. तिने डोळे मिटून उघडले, म्हणजे शाबास. डॉक्टरने हे टिपून घेतलं. बाहेर चांगलं उजाडलं, खिडकीतून ऊन बाकावर आलं, नर्सने आमच्या गुडघ्यांवर एकच पांघरूण टाकलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण न बोलता इतका वेळ आम्ही कधी शेजारी बसलो नव्हतो. मला चक्क बरं वाटत होतं. पांघरुणाखाली तिचा हात लागला, तो मी धरला. तिने काढून घेतला नाही.

मग दार धाडकन उघडलं आणि रोदिका आली. केस विसकटलेले, डोळे सुजलेले, कोट उलटा घातलेला. ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली. ‘‘बाबा, मी आले. बोला ना काहीतरी. मला रागवा, आईला रागवा. मी इतके दिवस येत नव्हते... बाबा, एक शब्द बोला हो!’’

एकीकडे पोरीचं उभं आयुष्य त्या कॅनमध्ये होतं आणि दुसरीकडे तीच पोर माझ्या पायाशी रडत होती. नस्तासियाने माझा हात करकचून दाबला: नको, बोलू नकोस, थोडंच राहिलं. तिच्याही गालांवरून धारा लागल्या होत्या. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. पाणी गेलं खड्ड्यात, असं ठरवून मी तोंड उघडलं.

‘‘हा कोण?’’ असे शब्द ऐकू आले. ते माझे नव्हते.

नस्तासिया रोदिकाच्या मागे बघत होती. दारात एक धिप्पाड, दाढीवाला माणूस उभा होता. हातात गाडीची किल्ली, आणि रोदिकाची बायकी पर्स त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

‘‘आई!’’ रोदिका किंचाळली. ‘‘तू बोललीस!’’

‘‘तू बोललीस!’’ मीही ओरडलो. ‘‘सगळं फुकट घालवलंस! पहाटेपासून मी जीभ गिळून बसलोय, लोकांनी मला दगडावर बसवून वारा घातला, आणि तू? शेवटच्या क्षणी?’’

‘‘आणि तू काय तोंड उघडलं होतंस, जांभई द्यायला? मी पाहिलं नाही होय!’’

‘‘मी पोरीसाठी उघडलं!’’

‘‘आणि मी कोणासाठी, शेजारणीसाठी?’’

तिने डाव उगारला. साचलेलं सगळं बाहेर आलं: नदी, नकाशा, कोबीचं पिंप, समुद्राची आठवण. सगळं इस्पितळ दारातून बघायला लागलं. दुंका आनंदाने म्हणाले, ‘‘बरे झाले!’’ रोदिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘‘म्हणूनच,’’ ती त्या माणसाला म्हणाली, ‘‘म्हणूनच तुला कधी आणलं नाही. जेवायला बसले की हे असं. मला वाटायचं, एकदा बघशील आणि पळून जाशील.’’

त्याचं नाव बोतोंद. रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतो. दर रविवारी दार वाजवणारा तो हाच. तो पर्स सांभाळत जरा पुढे आला आणि जाड आवाजात म्हणाला, ‘‘आमच्या घरी जेवताना फक्त चमचे वाजतात. वडील मीठ हवं असलं तरी बोट दाखवतात. इथं बरं वाटतंय मला.’’

नस्तासियाने डाव खाली केला. ‘‘काही खाल्लंस का रे सकाळपासून?’’ तिने विचारलं, आणि पोरीचं लग्न, माझ्या मते, तिथंच ठरलं.

घरी आलो तर रोदिकाला गॅसवरचं पातेलं दिसलं, मग माझा कॅन दिसला. ‘‘हे पाणी कशासाठी? एवढा जीव का काढलात त्याच्यासाठी?’’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. तुला नवरा मिळावा म्हणून, असं त्या नवऱ्यासमोर कसं सांगणार?

‘‘बाबांच्या गुडघ्यासाठी,’’ नस्तासिया म्हणाली.

माझे गुडघे उत्तम आहेत. मी त्यांच्यावर सगळा जिल्हा मोजला आहे. ‘‘कुठल्या?’’ रोदिकाने विचारलं. मी ‘‘डाव्या’’ म्हणालो आणि त्याच वेळी नस्तासिया ‘‘उजव्या’’ म्हणाली.

‘‘दोन्ही दुखतात आणि मला कोणी सांगितलं नाही,’’ रोदिका म्हणाली, आणि तिचे डोळे पुन्हा भरले. ‘‘मग लावा ना. आत्ता, माझ्यासमोर.’’

तेव्हा होणाऱ्या जावयासमोर, पहिल्याच भेटीत, मी स्टुलावर बसून विजारीचा एक पाय गुडघ्याच्या वर दुमडला. माणसाच्या अब्रूचे काही दिवस असतात, काही नसतात. बोतोंद सभ्यपणे खिडकीबाहेर बघायला लागला. नस्तासियाने पातेल्यात पाणी ओतलं, कोमट केलं, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. पाणी बाटलेलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्याचा आता गुडघ्यालाही उपयोग नव्हता आणि लग्नालाही. तिने ओंजळीने ते गुडघ्यावर सोडलं, हात फिरवायला लागली, आणि तिचे ओठ हलायला लागले.

त्या पाण्याबरोबर म्हणायचे जुने शब्द आहेत, आईने मुलीला दिलेले. पुरुषांना ते ऐकू येणार नाहीत, इतक्या हळू म्हणायचे असतात. पण मी वाकलो होतो, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. ज्याच्यावर माया जडावी, ज्याच्यावाचून घर ओकं वाटावं, ज्याची वाट बघावी, असं काहीसं ते आहे, आणि त्यात एका ठिकाणी नाव घालायचं असतं. नस्तासिया तिथं पोचली, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, ‘‘गाव्रिला.’’

मग तिने वर न बघता माझी पोटरी थोपटली. ‘‘आता दुसरा,’’ ती म्हणाली.

मी काही न बोलता विजारीचा दुसरा पाय वर केला.